मोगऱ्याचा गेटपास

कंपनीतले किस्से स्टोअरमधल्या स्क्रॅपसारखे असतात. "राहू दे, कधीतरी लागेल," म्हणून एकेक वस्तू कोपऱ्यात टाकायची आणि दहा वर्षांनी बघावं तर ढीग! मी अंबरनाथला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो, तेव्हा दोन्ही ढीग माझ्याच ताब्यात होते. स्क्रॅपचा लिलाव झाला. किश्शांना गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून ते अजून माझ्याकडेच आहेत.

आज त्यातले फक्त मोगऱ्याचे काढतो. पंपाच्या कंपनीत मोगरा कुठून आला, असं विचाराल तर त्याला जबाबदार आमचा गायकवाड!

*

गायकवाड मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. विठ्ठलवाडीला एका जुन्या एकमजली इमारतीत तळमजल्यावर राहायचा. पूर्वेच्या खिडकीत कमलवहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, मोगऱ्याची कुंडी होती. वहिनींच्या आईच्या दारातल्या झाडाची ती फांदी. पुढे आई गेली, घर विकलं गेलं, त्या दारात कुणीतरी दुकानाचे गाळे बांधले. माहेरचं म्हणून वहिनींकडे उरलं ते एवढंच.

आणि मग खिडकीसमोरच्या रिकाम्या प्लॉटवर चार मजली बिल्डिंग उभी राहिली. मधे रिक्षा कशीबशी वळेल एवढी जागा. सकाळचं ऊन गेलं ते गेलंच. मोगऱ्याने त्या वर्षी एकही कळी धरली नाही, पुढच्या वर्षीही नाही. नुसत्या लांबलचक, फिकट फांद्या.

"उजेड नाही तर तो तरी काय करणार बिचारा?" वहिनी म्हणाल्या.

"उजेड? उजेड म्हणजे तर माझं खातं!" असं म्हणून गायकवाडने मोगऱ्यासाठी खास चार फुटी ट्यूबलाइट बसवली. चोक नवा, स्टार्टर नवा. महिना झाला, मोगरा होता तसाच.

एका रविवारी त्याने लिमये साहेबांना बघायला बोलावलं. लिमये साहेब आमचे इन्स्पेक्शनचे हेड, राहायला बदलापूरला. त्यांच्या खिशात कायम दोरीवाले टॅग असायचे. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे पुन्हा काम करा, हिरवा म्हणजे पास. हिरवा टॅग त्यांच्या हातून सुटणं फार दुर्मीळ. साहेबांनी स्वतःच्या लग्नाच्या जेवणालाही पिवळाच लावला होता, असं मशीनशॉपमधली पोरं म्हणायची.

साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. ट्यूब छताला, नऊ फुटांवर!

"गायकवाड, त्याला काय पेपर वाचायचाय? खाली आणा ती ट्यूब. वीतभर अंतर ठेवा. आणि वर रिफ्लेक्टर लावा काहीतरी. अर्धा उजेड छताला चाललाय. फुलं छताला यायचीयत का?"

त्या दिवसापासून गायकवाड, लिमये साहेब आणि मी, तिघांनाही रिफ्लेक्टरचं वेड लागलं.

*

पहिला नंबर गायकवाडचा. त्याने उल्हासनगरच्या बाजारात जाऊन एका सलूनचा जुना आरसा उचलला. दुकानदार म्हणाला, "साईं, इससे जास्ती चमक पूरे मार्केट में नहीं मिलेगी." खोटं नव्हतं. ट्यूबच्या मागे आरसा लावल्यावर एकाच्या दोन ट्यूब आणि एकाच्या दोन कुंड्या दिसायला लागल्या. गायकवाड खूश.

पण खोलीतल्या फोटोमागे चिमण्यांचं घरटं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चिमणा आला आणि आरशात त्याला दुसरा चिमणा दिसला! मग काय विचारता. सकाळी सहाला मारामारी सुरू, ती ट्यूब बंद होईपर्यंत. कुंडीवर उभं राहून तो आरशाला चोची मारायचा, आणि दम लागला की राग मोगऱ्याच्या पानांवर काढायचा. आठवड्यात निम्मी पानं खाली.

लिमये साहेबांनी आरशाला लाल टॅग बांधला. त्यावर छापलेला रकाना असतो, 'नाकारण्याचे कारण'. त्यात त्यांनी त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चिमणा.'

*

दुसरा रिफ्लेक्टर मी आणला. उल्हासनगरला माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्याकडे आतून चंदेरी असलेली एक छत्री काडी वाकली म्हणून पडून होती. ती मी ट्यूबवर बांधली. कोपरा असा उजळला की गायकवाडची सुजाता म्हणाली, "काका, आता मीच बसते इथे अभ्यासाला!" सुजाता तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती.

त्याच रविवारी तिला बघायला पाहुणे यायचे होते, आणि छत्री काढायची सगळेच विसरले. मुलाच्या आई आत आल्या. त्यांनी ट्यूब पाहिली, चंदेरी छत्री पाहिली, आणि थेट तिच्याखालच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पदर सारखा केला. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. पोहे आले तरी बाई हलेनात. चहाचा एक घोट घेऊन कप खुर्चीमागे लपवला. अर्धा तास गेला तशी त्यांनीच हळूच विचारलं, "फोटोवाला उशिरा येणारय का?"

गायकवाड ततपप करायला लागला. वहिनींनी मात्र सरळ सांगून टाकलं, "फोटोचं नाही हो ताई. ते मोगऱ्यासाठी आहे. माझ्या आईच्या दारातला आहे, त्याला उजेड मिळत नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि वळून कुंडीकडे पाहिलं. "माझ्या आईचं घर रस्त्यात गेलं," त्या म्हणाल्या. "मला तर एक काडीसुद्धा आणता आली नाही."

वहिनींनी कुंडी जरा त्यांच्याजवळ सरकवली. आणि मग वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "सुजाताच्या लग्नात ह्याच मोगऱ्याची फुलं असतील. शब्द देते तुम्हाला."

लग्न ठरलं! मुलाची नोकरी पर्मनंट व्हायची होती, म्हणून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातलं. पाहुणे गेल्यावर गायकवाड डोक्याला हात लावून बसला. "अगं, दोन वर्षांत एक कळी नाही, आणि तू शब्द देऊन बसलीस?"

"त्यांनी हुंडा मागितला नाही. शब्द तरी देऊ दे की!"

छत्रीलाही लाल टॅग लागला. कारण: 'पंखा लावला की उडते.'

*

आता प्रश्न शब्दाचा होता, म्हणून लिमये साहेबांनी स्वतः मनावर घेतलं. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर ड्रॉइंग काढलं. स्वतःच्या पैशाने ॲल्युमिनियमचा पत्रा आणला, बाहेरून वाकवून घेतला, बफिंग करून घेतलं. असं पॉलिश की त्यात बघून दाढी करावी! सेफ्टी डिपार्टमेंटकडून उजेड मोजायचं यंत्र, लक्स मीटर, रीतसर सही करून एका रविवारपुरतं घेतलं.

यंत्र मधोमध ठेवलं तर काटा पार पलीकडे. दोन बोटं बाजूला सरकवलं तर काटा खाली. सगळा उजेड एका पट्ट्यात जमा होत होता आणि बाजूच्या फांद्या होत्या तशा अंधारात. साहेबांनी यंत्र पाच वेळा फिरवलं. मग खिशातून लाल टॅग काढला.

"साहेब, अहो, हे तुमचं स्वतःचं काम आहे!" मी म्हटलं.

"म्हणून तर लाल," साहेब म्हणाले.

पण त्या दिवशी ते आम्हाला एक गोष्ट शिकवून गेले. "चकचकीत नको. पांढरं बघा. चकचकीत असलं की सगळं एकालाच देतं. पांढरं वाटून देतं."

*

पांढरं म्हटल्यावर मला माझा स्क्रॅपचा ढीग आठवला. शेडमधल्या जुन्या ट्यूबवरचे पांढऱ्या इनॅमलचे पत्रे वर्षभर तिथे पडून होते. मी म्हटलं, "साहेब, भंगारच आहे. एक पिशवीत घालून नेऊ."

लिमये साहेबांनी माझ्याकडे, तडा गेलेल्या कास्टिंगकडे बघावं तसं बघितलं. ह्या माणसाच्या शर्टाच्या खिशात एकदा कंपनीची पेन्सिल चुकून राहिली होती, तर ती द्यायला तो बदलापूरहून त्याच संध्याकाळी परत आला होता! "गेटपास करा," ते म्हणाले.

केला. मॅनेजरांची सही घेतली. 'कारण' ह्या रकान्यात मी लिहिलं, 'मोगरा'. गेटवर म्हात्रे होता. म्हात्रे खरवईचा, सहा फूट उंच, आणि कागदाशिवाय वाऱ्यालाही बाहेर न सोडणारा.

"मोगरा म्हंजे कंचं डिपार्टमेंट?"

"डिपार्टमेंट नाही रे, झाड आहे."

"मंग झाडाचा टोकन नंबर?"

दहा मिनिटं समजावल्यावर त्याने रजिस्टर उघडलं. "रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल? काय तं सांगा, लिवून घेतो."

आता, नॉन-रिटर्नेबल म्हणजे वस्तू कायमची बाहेर. त्याला हेड ऑफिसची मंजुरी लागायची आणि तोवर सुजाताला नातवंडं झाली असती. म्हणून आम्ही रिटर्नेबल लिहिलं. पण रिटर्नेबल पास फक्त तीन महिन्यांचा. मुदत संपली की गायकवाडने पत्रा काढायचा, सायकलच्या कॅरिअरला बांधायचा, विठ्ठलवाडीहून अंबरनाथला आणून म्हात्रेला दाखवायचा, नवा पास घ्यायचा आणि पत्रा परत न्यायचा!

पहिल्या खेपेला म्हात्रेने पत्रा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "बरोबर हाय." दुसऱ्या खेपेला त्याने पत्र्याकडे बघितलंच नाही. "कली आली काय?" असं विचारलं. गायकवाडने मान हलवली, नाही. म्हात्रे जरा वेळ पेन चावत उभा राहिला.

"पुढच्या टायमाला पत्रा नका आणू. झाड दिसभर अंधारात ऱ्हतं. मीच येतो घरी तपासाया."

आणि खरंच आला! ड्यूटी संपल्यावर, युनिफॉर्ममध्ये, रजिस्टर काखेत मारून. पत्रा तपासला, सही घेतली, चहा प्यायला, आणि जाताना मोगऱ्याच्या मातीत बोट घालून म्हणाला, "वैनी, पानी जास्ती होतंय." आम्हा तीन हुशारांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

*

दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी आमची सगळ्यांचीच जिरवली. तो कोपरा त्यांनी आमच्याकडे न बघता स्वतः रंगवून टाकला. साधा चुना. तिन्ही बाजूंच्या भिंती, छताचा तुकडा, खिडकीची चौकट, सगळं पांढरं.

पुढच्या रविवारी लिमये साहेब लक्स मीटर घेऊन आले. नुसत्या पत्र्याला जेवढा काटा चढायचा त्यापेक्षा तो कितीतरी वर गेला. आणि कडेच्या फांदीशीही जवळजवळ तेवढाच! साहेबांनी यंत्र हलवून पाहिलं, बॅटरी काढून घातली.

"वहिनी, चुन्यात नीळ किती टाकलीत?"

"नीळ टाकलीच नाही. निळीने उजेड खाल्ला असता ना."

साहेब खुर्चीत बसले. इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस एका ब्रशपुढे हरला होता, आणि मला वाटतं, त्यांना त्याचा आनंदच झाला होता. त्यांनी खिशात हात घातला. आम्ही पुढे वाकून बघतोय. पिवळा निघाला!

"साहेब, आता काय राहिलं?" गायकवाड कळवळला.

"कळी राहिली," साहेब म्हणाले. "हिरवा टॅग फुलाला मिळेल. भिंतीला नाही."

पानं आता हिरवीगार झाली होती, पण कळीचा पत्ता नव्हता. लग्नाला सहा महिने उरले होते आणि वहिनी हल्ली बाजारातल्या गजरेवालीसमोरून जाताना मान फिरवून घ्यायच्या.

*

जानेवारीत एका दुपारी वहिनी भाकरी थापत होत्या आणि अचानक खोली उजळली. ट्यूब तर बंद होती. त्यांनी खिडकीतून बघितलं. समोरच्या बिल्डिंगची मागची भिंत म्हणजे नुसतं काळपट सिमेंट. पण तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी पांढरी चादर वाळत घातली होती. गायकवाडच्या बुटक्या इमारतीवरून जाणारं दुपारचं ऊन त्या चादरीवर पडत होतं, आणि तिथून उलटून थेट मोगऱ्यावर!

वहिनींनी तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि तडक समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या. सेक्रेटरी चेतनदास, कापडाचे व्यापारी. हे सगळं वहिनींनीच मला नंतर सांगितलं.

"दादा, तुमची मागची भिंत पांढरी करा."

"अरे बहन, अजून पुढचा कलर बाकी आहे. पीछे कौन देखता है?"

"मी बघते ना. रोज."

चेतनदास हसले. पण सोसायटीची मीटिंग, कोटेशन, असं सांगायला लागले. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग आईचं दार सांगितलं, विहीणबाईंना दिलेला शब्द सांगितला, मे महिना सांगितला. चेतनदास खुर्चीतून उठलेच.

"लडकी की शादी है? तो पहले क्यों नहीं बोला? दिवार का बात करत बसली तुम्ही!"

आठवड्याच्या आत बांबूची परांची बांधली गेली. मागची भिंत वरपासून खालपर्यंत पांढरीशुभ्र! पुढच्या बाजूचे लोक चिडले, "सेक्रेटरी, समोरून बिल्डिंग सिमेंटची आणि मागून दुधाची, हे काय आहे?" चेतनदास म्हणाले, "समोर रस्ता आहे. मागे पोरगी आहे."

आता मोगऱ्याला सकाळी ट्यूब आणि दुपारी अख्खी चार मजली भिंत! लिमये साहेब मान वर करकरून ती भिंत बघत राहिले. एवढा मोठा रिफ्लेक्टर त्यांनी आयुष्यात तपासला नव्हता. टॅग बांधायला त्याला दांडीही नव्हती.

*

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी लिमये साहेब रिटायर झाले. हारतुरे, भाषणं झाली. संध्याकाळी ते माझ्या स्टोअरला आले आणि कंपनीचं एकेक सामान टेबलावर ठेवलं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पेन्सिल, आणि उरलेले टॅग. लाल मोजले, बरोबर. पिवळे मोजले, बरोबर. हिरवे एक कमी भरले. मी पुन्हा मोजले. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, वय झालं, होते चूक. मी 'पूर्ण जमा' लिहून सही केली.

मे महिन्यात गायकवाडच्या इमारतीसमोरच लग्नाचा मांडव पडला. मी सकाळी लवकर पोचलो, तर वहिनी दारातच उभ्या. डोळे लाल.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "एकोणीस!"

एकोणीस फुलं! टपोरी, पांढरी, आणि वास दारापर्यंत. चौदांचा छोटा गजरा सुजाताच्या केसांत गेला. चार बुद्धांच्या मूर्तीपुढे ठेवली. आणि एक वहिनींनी स्वतः नेऊन विहीणबाईंच्या ओंजळीत घातलं. बाईंनी ते नाकाशी धरलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी फोटोवाला वेळेवर आला होता, पण त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पांढऱ्या साडीत सुजाता त्या गजऱ्यासकट अशी दिसत होती, की मला माझा रुमाल शोधावा लागला.

कुंडी वहिनींनी मांडवातच एका स्टुलावर मांडली होती. चेतनदास येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवून सांगत होते, "हमारी दिवार का है!" इतक्यात बदलापूरहून लिमये साहेब आले. त्यांनी कुणालाही नमस्कार केला नाही. सरळ कुंडीपाशी गेले, चष्मा लावला, चार पानं उलटी करून पाहिली, देठ पाहिला. एक नवी कळी होती, ती बोटाने हलकेच उचलून पाहिली. मग त्यांनी खिशातून हिरवा टॅग काढला. खाली सही आधीच केलेली होती.

ते फांदीला दोरी बांधत असताना मागे म्हात्रे येऊन उभा राहिला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आहेराची पिशवी. त्याने टॅग बघितला, साहेबांकडे बघितलं, पुन्हा टॅग बघितला. त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनकडे गेला.

"साहेब, कंपनीचा माल हाय हा. गेटपास?"

लिमये साहेबांनी गाठ पक्की केली.

"नॉन-रिटर्नेबल," ते म्हणाले. "लिहून घे!"